सिरियम ऑक्साइड : गॅसबत्तीपासून पथदिव्यापर्यंत

वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवर, जालना जिल्ह्याला लागून असलेले बुलढाणा तालुक्यातील धाड हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावांतून विजेचे खांब येण्यापूर्वी, आणि ते आल्यानंतरही कित्येक वर्षे, लग्नाची वरात, सप्ताहातील कीर्तन, तमाशाचा फड किंवा यात्रेतील दुकाने यांना गॅसबत्तीशिवाय शोभा नसे. होळीच्या सुमारास याच तालुक्यात भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेपासून गावातल्या लहानशा बारशापर्यंत जेथे जेथे रात्री चारचौघे जमत, तेथे ती सूं-सूं आवाज करणारी बत्ती प्रथम पेटविली जाई. वरातीत ती डोक्यावर वाहून नेणारे मजूर वेगळे असत आणि पंप मारून, पिन साफ करून ती तेवत ठेवणारा एखादा जाणकारही प्रत्येक गावात असे. आज त्या बत्त्या माळ्यावर गेल्या आहेत आणि चौकातील खांबावर एलईडीचा पथदिवा लागला आहे. या दोन दिव्यांत दिसावयास काहीच साम्य नाही. परंतु दोहोंच्या पांढऱ्या प्रकाशाचे मूळ एकाच मूलद्रव्यात आहे. ते मूलद्रव्य म्हणजे सिरियम होय. त्याच्या संयुगांचे, विशेषतः सिरियम ऑक्साइडचे गुणधर्म शिक्षकांना वर्गात समजावून देता यावेत आणि ग्रामपंचायतींच्या सभासदांना रोजच्या व्यवहारात उपयोगी पडावेत, या हेतूने ही माहिती येथे देण्यात येत आहे.

नावापुरती विरलता

आवर्त सारणीतील ५७ ते ७१ या क्रमांकांची पंधरा मूलद्रव्ये आणि त्यांच्याशी गुणधर्मांनी जुळणारी स्कँडियम व यट्रियम ही दोन, अशा सतरा मूलद्रव्यांच्या गटाला मराठी विज्ञानपरिभाषेत ‘विरल मृत्तिका’ म्हणतात. वृत्तपत्रांतून त्यांचाच उल्लेख ‘दुर्मिळ मृदा धातू’ असा केला जातो. सिरियमचा अणुक्रमांक ५८ आहे. १८०३ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर या दोघांनी मिळून व जर्मनीत क्लापरोथ याने स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८०१ मध्ये, ‘सेरेस’ हा लघुग्रह सापडला होता. त्याचेच नाव या नव्या मूलद्रव्याला देण्यात आले.

‘विरल’ हे विशेषण मात्र सिरियमला शोभत नाही. पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण साधारणपणे तांब्याइतके आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात आणि त्यापासून झालेल्या कपाशीच्या जमिनीतही ते असते, पण दहा लाख भागांत काही दहा भाग, एवढ्या अल्प प्रमाणात. ते काढण्याचा खर्च कोणालाही परवडणारा नाही. तेव्हा धाडच्या शिवारात किंवा लोणारच्या काठी कोणी ‘दुर्मिळ धातूची खाण’ दाखवू लागल्यास त्याच्या नादी लागण्याचे कारण नाही. ही मूलद्रव्ये विरल वाटतात ती मुख्यत्वे दोन कारणांनी. ती एका जागी साठून क्वचितच आढळतात, आणि रासायनिक वर्तनात ती एकमेकांशी इतकी सारखी असतात की त्यांना वेगवेगळे करणे हे अत्यंत चिकाटीचे काम ठरते.

ज्योत आणि मॅन्टल

साध्या कंदिलाची ज्योत पिवळी का असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्या घराघरांतून वापरलेल्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलात रॉकेल अपुऱ्या हवेत जळते. त्यातून कोळशाचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते तापून पिवळे दिसू लागतात. काचेवर धरणारी काजळी ती हीच. म्हणजे कंदिलाचा प्रकाश हा वस्तुतः अर्धवट जळालेल्या इंधनाचा प्रकाश आहे. गॅसबत्तीत याच्या उलट घडते. टाकीतील दाबामुळे रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि भरपूर हवेत मिसळून ते पूर्ण जळते. अशी ज्योत निळी व अतिशय उष्ण असते, पण तिला प्रकाश जवळजवळ नसतो. त्या उष्णतेचे उजेडात रूपांतर करण्याचे काम मॅन्टल करते.

हे मॅन्टल ज्याने शोधले तो कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा ऑस्ट्रियन रसायनज्ञ विरल मृत्तिकांचाच अभ्यासक होता. १८८५ साली त्याने ज्याला त्या काळी एक मूलद्रव्य समजत त्या ‘डिडिमियम’चे विभाजन करून प्रासिओडिमियम व निओडिमियम ही दोन मूलद्रव्ये दाखवून दिली, आणि त्याच वर्षी मॅन्टलचे पहिले एकस्व घेतले. ते पहिले मॅन्टल बाजारात टिकले नाही. त्याचा प्रकाश हिरवट होता आणि ते फार लवकर तुटे. पुढे १८९१ मध्ये त्याने ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण निश्चित केले. दाबाच्या बत्तीला पेट्रोमॅक्स हे नाव बर्लिनच्या माक्स ग्रेट्झमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. बत्त्या बदलत गेल्या, पण मॅन्टलचे हे प्रमाण पुढे शंभर वर्षे जवळपास तसेच राहिले.

हा एक टक्का विद्यार्थ्यांना विचार करावयास लावणारा आहे. निव्वळ थोरियम ऑक्साइडचे मॅन्टल ज्योतीत धरले तर ते खूप तापते, कारण ते स्वतः उष्णता बाहेर टाकण्यास नाखूश असते. पण त्याच कारणाने त्याचा उजेडही फिका पडतो. निव्वळ सिरियम ऑक्साइडचे मॅन्टल केले तर ते मिळालेली उष्णता इतक्या सढळपणे बाहेर टाकते की त्याचे तापमानच वाढत नाही. ते लालसर दिसते आणि मंद राहते. थोरियममध्ये सिरियमचा केवळ शंभरावा हिस्सा मिसळला म्हणजे तापमान जवळपास तेवढेच टिकते, आणि तापलेले सिरियम ऑक्साइड दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यात जोमाने प्रकाश देऊ लागते. एकाचे तापणे आणि दुसऱ्याचे उजळणे यांचा मेळ एक टक्क्यावर बसतो. प्रमाण वाढविले की प्रकाश वाढण्याऐवजी घटतो. तांदळाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम धरले, तर एका मॅन्टलमधील सिरियम ऑक्साइड त्याच्या पाव हिश्श्याइतकेही भरत नाही. सारा मांडव उजळला जाई तो एवढ्या चिमटीभरही नसलेल्या द्रव्यावर.

मॅन्टलचे कापड बांधताना मऊ असते आणि पहिल्यांदा जळाल्यावर ते राखेसारखे ठिसूळ का होते, याचा उलगडाही येथेच होतो. सुती किंवा कृत्रिम धाग्याची विणलेली पिशवी थोरियम व सिरियम यांच्या नायट्रेट क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळविलेली असते. पहिल्या जाळात कापड जळून जाते, नायट्रेटचे ऑक्साइड होते, आणि धाग्याधाग्याचा आकार तसाच राखून ऑक्साइडचा पांढरा सांगाडा तेवढा मागे राहतो. त्याला आधार कशाचाच नसतो. म्हणूनच वरातीत कोणाचा धक्का लागला किंवा एखादे पाखरू काचेतून आत शिरून धडकले की मॅन्टल ढासळे आणि नवरदेवाला अंधारात थांबावे लागे. जाणकार बत्तीवाला खिशात दोन-तीन मॅन्टल जास्तीचे ठेवी, त्यामागे हे रसायनशास्त्र होते.

वाळूतून तुर्भ्याला

मॅन्टलसाठी लागणारे थोरियम आणि सिरियम ही दोन्ही मोनाझाइट या एकाच खनिजात मिळतात. ते विरल मृत्तिका व थोरियम यांचे फॉस्फेट आहे. केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत ते इल्मेनाइटसारख्या इतर जड खनिजांबरोबर सापडते. १९०९ साली शाँबर्ग या जर्मन रसायनज्ञाच्या हाती त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू पडली आणि तीत त्याला मोनाझाइट आढळले. त्यानंतर लवकरच तेथील वाळू परदेशी नेण्याचा उद्योग सुरू झाला. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असल्याने युरोपातील मॅन्टल कारखानदारांची त्यावर नजर होती. आपली वाळू मातीमोलाने बाहेर जावी आणि तिचेच मॅन्टल होऊन दामदुपटीने परत यावे, असा तो व्यवहार होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास कच्च्या मोनाझाइटची ही निर्यात थांबविण्यात आली. १९५० साली भारत सरकार व त्रावणकोर-कोचीन शासन यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. केरळात आलुवा येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि २४ डिसेंबर १९५२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे मोनाझाइटमधून विरल मृत्तिकांचे क्षार वेगळे केले जात आणि उरलेला थोरियमयुक्त भाग मुंबईजवळ तुर्भे येथे येई. डॉ. होमी भाभा यांच्या मार्गदर्शनाखाली अणुऊर्जेचे काम तेथे आकार घेत होते. १९५५ मध्ये तेथे थोरियमचा कारखाना सुरू झाला, आणि मॅन्टलच्या धंद्याला लागणारे थोरियम नायट्रेट देशातच तयार होऊ लागले. वऱ्हाडातल्या वरातीचा उजेड अशा रीतीने अणुऊर्जा विभागाच्या कारखान्याशी जोडलेला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. ही कंपनी १९६३ पासून संपूर्णपणे केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आज ती आयआरईएल या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

महाराष्ट्रात या विषयावर संशोधनही झाले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ग्रामीण घरांसाठी ‘नूरी’ हा सुधारित कंदील तयार केला. त्यात मॅन्टलच होते. परंतु टाकीतील दाब कमी ठेवून आवाज आणि पंप मारण्याचा त्रास कमी करण्यात आला होता, आणि प्रकाश १०० वॅटच्या साध्या विजेच्या दिव्याइतका मिळे. वीज न पोहोचलेल्या घरात मुलांना अभ्यासाला पुरेसा उजेड कसा मिळावा, या प्रश्नाकडे एवढ्या शास्त्रीय दृष्टीने पाहणारे प्रयत्न आपल्याकडे थोडेच झाले.

माळ्यावरच्या बत्तीविषयी खबरदारी

थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षांचा असल्याने त्याचा किरणोत्सर्ग अतिशय मंद गतीने चालतो, आणि त्यातून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात. बत्तीशेजारी बसून कीर्तन ऐकल्याने कोणाला अपाय होण्याचे कारण नव्हते. धोका असतो तो मॅन्टलची धूळ श्वासातून किंवा अन्नातून पोटात जाण्याचा. एका मॅन्टलमध्ये थोरियमचे प्रमाण साधारणपणे पाव ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय थोरियमच्या क्षयातून तयार झालेली काही द्रव्ये मॅन्टल पहिल्यांदा जळताना वाफेबरोबर बाहेर पडतात.

ज्या घरांत, शाळांत वा देवस्थानांत जुन्या बत्त्या व मॅन्टलची पाकिटे अजून पडून आहेत, तेथे पुढील गोष्टी पाळाव्यात. नवे मॅन्टल प्रथम जाळावयाचे झाल्यास ते उघड्यावर जाळावे आणि त्यावर वाकून पाहू नये. तुटलेल्या मॅन्टलची पांढरी भुकटी तोंडाने फुंकून उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, नंतर हात धुवावेत. पाकिटे धान्याच्या किंवा औषधांच्या फडताळात ठेवू नयेत आणि लहान मुलांच्या हाती तर कधीच देऊ नयेत. विज्ञान प्रदर्शनात किरणोत्सर्ग दाखविण्यासाठी मॅन्टल आणण्याची हौस काही शाळांत असते. ते आणलेच तर बंद काचेच्या डबीत ठेवून दाखवावे. खरी काळजी ज्यांची घ्यावयास हवी ते मॅन्टल बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगार होत, कारण दिवसभर त्या क्षारांत हात असतात ते त्यांचे. म्हणून या उद्योगातील थोरियमची हाताळणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येते. अनेक पाश्चात्त्य देशांत मॅन्टलमधील थोरियमची जागा आता यट्रियमने घेतली आहे.

सिरियम मात्र थोरियमसारखे किरणोत्सर्गी नाही. दोघे एका वाळूत राहिले, एका मॅन्टलमध्ये जळले, म्हणून एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारू नये.

ऑक्सिजनची पतपेढी

शुद्ध सिरियम ऑक्साइड ही फिकट पिवळसर, जड पूड असते. ती पाण्यात विरघळत नाही. तिची घनता पाण्याच्या सातपटीहून थोडी जास्त असून ती वितळावयास सुमारे २,४०० अंश सेल्सिअस तापमान लागते. तिचा सर्वांत महत्त्वाचा गुण सिरियमच्या स्वभावात आहे. विरल मृत्तिकांपैकी बहुतेकांची संयुजा तीन असते. सिरियम तीन आणि चार अशा दोन्ही संयुजांत सहज वावरते. त्यामुळे सभोवती ऑक्सिजन कमी पडला की सिरियम ऑक्साइड आपल्याजवळचा थोडा ऑक्सिजन देऊन टाकते, आणि तो मुबलक झाला की पुन्हा जमा करून घेते. जमा आणि उचल यांचा हा व्यवहार एखाद्या पतपेढीसारखा चालतो, आणि तो करताना ऑक्साइडचा स्फटिक मोडत नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या धूर नळीत जो उत्प्रेरक बसविलेला असतो, त्यात या गुणाचा उपयोग केला जातो. इंजिनात हवा कमी-अधिक होत असते. ती कमी पडली तरी विषारी कार्बन मोनॉक्साइडचे निरुपद्रवी वायूत रूपांतर करण्यासाठी लागणारा ऑक्सिजन सिरियम ऑक्साइड पुरविते. काचेच्या भट्टीतही हाच गुण कामी येतो. वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट झाक येते, ती बाटलीच्या जाड बुडाशी चटकन दिसते. सिरियम ऑक्साइड त्या लोहाचे पुढील ऑक्सिडीकरण करते आणि झाक फिकी पडून काच स्वच्छ दिसू लागते.

काचेला झिलई देण्याचे काम तर या पुडीसारखे दुसरी कोणतीच करीत नाही. दुर्बिणीची भिंगे, आरसे आणि मोबाइलच्या पडद्यांच्या काचा सिरियम ऑक्साइड पाण्यात कालवून घासल्या जातात. तिची कठीणता काचेच्या जवळपास असल्याने ओरखडे उठत नाहीत, आणि पाण्याच्या साहाय्याने काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रियाही होते. घासणे आणि विरघळविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. बाजारात मिळणारी ही पूड बहुधा गुलाबी-तपकिरी असते. तो रंग तिच्यात उरलेल्या प्रासिओडिमियमचा असतो. सिगारेटच्या लायटरमधील ठिणगी देणारा बारीक खडा हाही सिरियमप्रधान मिश्रधातू व लोह यांचाच बनलेला असून त्याचा जनक पुन्हा वेल्सबाखच आहे. त्याने तो १९०३ मध्ये शोधला.

खांबावरचा दिवा

आता पथदिव्याकडे वळू. एलईडीतून मूळचा पांढरा प्रकाश निघत नाही. आतील स्फटिकातून निघतो तो निळा प्रकाश. असा कार्यक्षम निळा दिवा तयार केल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या निळ्या स्फटिकावर यट्रियम व ॲल्युमिनियम यांच्या एका ऑक्साइडचा पिवळा लेप असतो आणि त्या लेपात अत्यल्प प्रमाणात सिरियम मिसळलेले असते. सिरियम निळा प्रकाश शोषून घेते आणि पिवळा परत देते. लेपातून निसटलेला निळा आणि सिरियमने दिलेला पिवळा एकत्र आले की डोळ्याला ते पांढरे दिसते. मॅन्टलमध्ये सिरियम चार संयुजेच्या ऑक्साइडच्या रूपात उष्णतेचा उजेड करीत होते. येथे ते तीन संयुजेच्या रूपात, थंडपणे, एका रंगाचा दुसरा रंग करते. गॅसबत्ती खर्ची पडलेल्या उष्णतेच्या प्रत्येक वॅटमागे दीड-दोन ल्युमेन प्रकाश देई. चांगला एलईडी पथदिवा विजेच्या एका वॅटमागे १०० ल्युमेन आणि त्याहून अधिक देतो.

पथदिव्यांची दरपत्रके मागविताना ग्रामपंचायती बहुधा वॅट आणि किंमत एवढेच पाहतात. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. म्हणून एका वॅटला किती ल्युमेन, हे लेखी घ्यावे. दुसरी बाब रंगाची. दिव्याच्या वेष्टनावर ३०००, ४००० किंवा ६५०० केल्विन असा आकडा असतो. आकडा जेवढा मोठा, तेवढा त्यातील निळा अंश अधिक. ६५०० केल्विनचा दिवा डोळ्यांना झगझगीत वाटतो म्हणून तो अधिक उजेड देतो असे नाही. वस्तीतील गल्ल्यांना आणि झोपण्याच्या खोल्यांसमोरील खांबांना ३००० ते ४००० केल्विनचे दिवे अधिक सुखाचे असतात. त्यांच्याभोवती किडेही तुलनेने कमी जमतात.

हा लेप पाहावयास प्रयोगशाळेची गरज नाही. एलईडीचा एखादा बिघडलेला बल्ब शिक्षकांनी विजेपासून पूर्ण सुटा करावा आणि वरचे पांढरे आवरण काढून आतील पट्टी मुलांना दाखवावी. पट्टीवरच्या प्रत्येक लहान चौकोनात हळदीच्या ठिपक्यासारखा पिवळा भाग दिसतो. सिरियम असते ते त्या ठिपक्यात. दुसरा चांगला बल्ब लावून त्याचा उजेड जुन्या सीडीच्या चकाकत्या बाजूवरून भिंतीवर पाडला, तर निळा पट्टा ठळक, त्यानंतर किंचित काळसर फट आणि पुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला रुंद पट्टा असा पंखा उमटतो. निळा पट्टा स्फटिकाचा आणि रुंद पट्टा सिरियमचा, असे बोट ठेवून सांगता येते. पेटलेल्या दिव्याकडे मात्र मुलांना थेट पाहू देऊ नये.